विमान चुकलं आणि तिकिटावर कंपन्या दोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत बसून परदेशाची तिकिटं काढून देणं हा माझा धंदा. अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, जर्मनीला शिकायला जाणारी पोरं, युरोपचा बाजार बघायला निघालेले तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, अशी गिऱ्हाइकं. रात्री दोनला फोन वाजला की पलीकडून बहुतेकदा एकच वाक्य येतं, "ताई, विमान गेलं!" त्यानंतर जे विचारलं जातं ते खाली लिहिलंय. विमान अजून चुकलेलं नसेल, तर निदान पहिला प्रश्न आजच वाचा.

तिकिटावर दोन कंपन्यांची नावं आहेत. मग हे तिकीट एक की दोन?

पुढचं सगळं यावरच ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. कंपन्या किती हे मोजू नका, तिकिटं किती ते मोजा. एकाच तिकिटावर तीन कंपन्यांची विमानं असू शकतात. आणि एकाच कंपनीची दोन विमानं दोन वेगळ्या तिकिटांवरही असू शकतात.

सांगलीहून स्वारगेटला एसटीनं गेलात आणि तिथून दादरची शिवनेरी वेगळी आरक्षित केली होती. एसटी तासभर उशिरा पोचली, तर शिवनेरीचा ड्रायव्हर थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. त्याचा त्या एसटीशी संबंधच नसतो. दोन तिकिटांवरच्या विमानांचंही तसंच आहे. एक तिकीट असेल तर मात्र तुम्हाला शेवटच्या गावापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपन्यांनी आपसात वाटून घेतलेली असते.

ओळखायचं कसं? कागदावर 13 आकडी ई-तिकीट नंबर शोधा. पहिले तीन आकडे तिकीट कुणाच्या नावानं निघालंय ते सांगतात. 098 म्हणजे एअर इंडिया, 176 म्हणजे एमिरेट्स, 157 कतार, 220 लुफ्तान्सा. जाण्यायेण्याच्या सगळ्या विमानांसमोर एकच नंबर असेल तर तिकीट एक. एका तिकिटात चारच कुपनं (दर विमानाचं एक) बसतात, त्यामुळे पाच-सहा विमानं असतील तर लागोपाठचे दोन नंबर दिसतील. तेही एकच तिकीट धरायचं. नंबर अगदीच वेगळे असतील तर तिकिटं दोन.

इथं दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे पीएनआर. तिकीट एक असलं तरी प्रत्येक कंपनी आपला सहा अक्षरी पीएनआर वेगळा देते, म्हणून पीएनआर दोन दिसले तरी घाबरू नका. दुसरी, वेबसाइटचा ट्रिप आयडी. हा त्या दुकानाचा पावती नंबर. एका ट्रिप आयडीखाली चार वेगवेगळी तिकिटं कोंबलेली मी पाहिली आहेत. 'सेल्फ ट्रान्सफर' असे शब्द बारीक अक्षरात दिसले तर तिकिटं वेगळीच आहेत असं समजा.

तिकीट एकच आहे. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं गेलं. कुणाकडे जायचं?

ज्यांनी उशीर केला त्यांच्याकडे. पुढच्या कंपनीच्या काउंटरवर तासभर रांगेत उभं राहून "तुम्ही आधीच्या कंपनीकडे जा" हे ऐकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. विमानातून उतरलात की 'ट्रान्सफर' असा बाण बघा आणि तुम्हाला घेऊन आलेल्या कंपनीचा डेस्क शोधा. डेस्क लांब असेल तर चालता चालता अॅप उघडा. पुष्कळदा विमान जमिनीला टेकायच्या आधीच त्यांनी नवं विमान लावून ठेवलेलं असतं.

नव्या विमानाचे जादा पैसे द्यायचे नाहीत. कुणी मागितले तर "हा उशीर तुमचा आहे, माझा नाही" एवढंच शांतपणे म्हणा. दुसऱ्या दिवशीचं विमान दिलं तर हॉटेल आणि जेवणाची कुपनं मागा. आपल्या माणसांना मागायचा संकोच वाटतो. मागितल्याशिवाय मिळतंच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तिथं कुणी आपणहून सांगत नाही. नवी जागा मिळणं आणि नवं तिकीट निघणं ही दोन वेगळी कामं आहेत. मिरजेचे एक काका-काकू युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर असेच अडकले. डेस्कवरच्या बाईंनी सकाळचं तिसऱ्याच कंपनीचं विमान दिलं, छापील कागद दिला, हॉटेल दिलं. सकाळी काउंटरवर गेले तर उत्तर आलं, "तुमचं नाव दिसतंय, पण तिकीट नाही." काका मला फोनवर म्हणाले, "अगं, कागद हातात आहे की!" जागा राखून ठेवली होती, पण जुनं तिकीट नव्या विमानावर बदलून काढायचं राहिलं होतं. आधीच्या कंपनीनं ते केलं तेव्हा विमान सुटायला पन्नास मिनिटं उरली होती. काकू अजून त्या धावण्याबद्दल बोलतात. म्हणून डेस्कवरून हलण्याआधी एक प्रश्न विचाराच, "तिकीट रिइश्यू झालं का?" आणि जमलं तर नवा बोर्डिंग पास तिथंच छापून घ्या.

तिकिटं दोन होती. पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं विमान चुकलं. आता?

इथं दुसरी कंपनी हात वर करते, आणि नियमानं तिचं बरोबर असतं. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, म्हणजे 'नो-शो'. पहिल्या कंपनीनं तुम्हाला तिच्या तिकिटावरच्या गावी पोचवलं, तिचं काम संपलं.

तरी तीन गोष्टी करा. दुसरं विमान सुटायला थोडा जरी वेळ असेल तरी आधी फोन किंवा अॅपवरून तारीख बदला. विमान सुटण्याआधी बदललं तर बदलाचा दंड आणि भाड्यातला फरक लागतो. सुटल्यावर बहुतेक स्वस्त तिकिटांची किंमत शून्य होते. दुसरी गोष्ट, बदलाचा एकूण खर्च आणि नव्या एकेरी तिकिटाचा दर दोन्ही विचारा. कधीकधी नवं स्वस्त पडतं. पण जुन्यात परतीचा प्रवास असेल तर तो वाचवणं बहुतेकदा जास्त मोलाचं असतं. तिसरी, पहिल्या कंपनीकडून उशिराचा लेखी दाखला घ्या. प्रवास विम्यात चुकलेल्या जोडविमानाचं कलम असेल तर त्याच कागदावर दावा उभा राहतो. काही पॉलिस्यांमध्ये हे कलम नुसतं नावाला असतं, अमुक तासांहून जास्त उशीर झाला तरच लागू होतं, म्हणून तास वाचून घ्या.

भारतातल्या नियमानुसार न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत मिळतं, मूळ भाडं बुडालं तरी. ही रक्कम लहान असते, पण ती तुमची आहे.

उशीर कंपनीचा नाही, आमचाच झाला. नवले पुलावर तीन तास अडकलो.

असे फोन पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास जास्त येतात. साताऱ्याहून निघालं की खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल नाका, मग कात्रजचा नवा बोगदा आणि नवले पूल. तिथून सुटलात की बोरघाट. कुठंही एक कंटेनर आडवा झाला की तुमचं अमेरिकेचं तिकीट त्याच्या हातात.

गाडीत बसूनच हिशोब करा. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन बहुतेक कंपन्या सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद करतात, काही त्याहूनही लवकर. 'विमान तीनचं आहे, अडीचला पोचू' याला काही अर्थ नाही. पोचणार नाही हे कळल्याक्षणी फोन करा, कंपनीला किंवा तिकीट ज्यांच्याकडून काढलंय त्यांना. विमान सुटायच्या एक तास आधी केलेल्या फोननं लाखभराचं तिकीट वाचलेलं मी पाहिलंय. आणि 'आधी पोचू या, मग बघू' म्हणून जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटं बुडालेलीही पाहिली आहेत.

तरीही विमानतळावर उशिरा पोचलात, तर पहिल्या विमानाच्या कंपनीच्या तिकीट काउंटरवर जा आणि खरं कारण सांगा. पुढच्या विमानात जागा असेल आणि ड्युटीवरचा माणूस भला असेल तर कमी दंडात निभावतं. हा तुमचा हक्क नाही, त्यांची मर्जी आहे. आवाज चढवला की मर्जी संपली.

पहिलं छोटं विमान सोडून दिलं आणि थेट दिल्लीहून पुढचं पकडलं तर चालतं का?

नाही. या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त पैसे बुडालेले पाहिले आहेत.

पुणे–दिल्ली–युरोप असं एक तिकीट असेल आणि तुम्ही पुणे–दिल्ली विमानात बसलाच नाहीत, तर पुढची सगळी विमानं आपोआप रद्द होतात. परतीचंही. कुपनं क्रमानं वापरायची असतात. पहिलं पान फाडल्याशिवाय दुसरं उघडत नाही. तुम्ही दिल्लीला राजधानीनं पोचलात, काकांच्या गाडीनं पोचलात, कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

इस्लामपूरकडचा एक मुलगा असाच. मित्राचं लग्न दिल्लीत होतं, म्हणून तो दोन दिवस आधीच गेला. पुणे–दिल्लीचं विमान 'तसंही वाया जाणारच होतं' असं त्याला वाटलं. दिल्लीच्या काउंटरवर त्याचं नाव यादीतच नव्हतं. नव्या एकेरी तिकिटाला मूळच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाहून जास्त पैसे पडले.

मधला टप्पा खरंच नको असेल तर आधी फोन करून तो तिकिटातून काढून घ्या. भाडं पुन्हा मोजलं जाईल, कदाचित वाढेल. हो, टप्पा कमी होऊन भाडं वाढू शकतं. विमानभाड्याचं गणित वाण्याच्या दुकानासारखं नसतं. कंपनीनंच ते पहिलं विमान रद्द केलं असेल तर मात्र उलट तुम्ही मागणी करा, की दुसरं द्या किंवा तो टप्पा काढून पुढचं तिकीट जिवंत ठेवा.

कोल्हापूरच्या विमानानं मुंबई किंवा हैदराबाद गाठून पुढं परदेशी जावं का?

सांगलीहून उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे मोह होतो. माझ्याकडे येणारी बहुतेक तिकिटं यात वेगळी असतात, म्हणून उत्तर सावध आहे. आदल्या दिवशी गेलात तर खुशाल जा. त्याच दिवशी जायचं असेल तर जून ते सप्टेंबर नको, आणि दोन्ही विमानं एका तिकिटावर मिळत नसतील तर मधे सात-आठ तास तरी ठेवा. दिवसाला मोजकीच विमानं असतात. एक रद्द झालं की पुढचं कधी कधी उद्याच. सांगलीजवळ कवलापूरला होऊ घातलेल्या विमानतळाच्या गप्पा आम्ही लहानपणापासून ऐकतोय, त्यावर हे पान अवलंबून नाही.

माझ्या आईवडिलांना मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं पाठवते. रात्री सांगलीत बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर नातेवाइकांकडे पाय पसरायचे आणि रात्रीचं विमान.

तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. हे काय प्रकरण?

याला कोडशेअर म्हणतात. कागदावर 'ऑपरेटेड बाय' लिहिलेलं असतं. ज्याचं विमान, त्याचा काउंटर, त्याचं टर्मिनल, त्याचं चेक-इन. तिकिटात बदल करायचा असेल तर ज्याचं तिकीट, त्याचं कॉल सेंटर. अगदी सुटण्याच्या दिवशी विमानतळावर अडचण आली, तर ज्याचं विमान त्याच्याकडे आधी जा.

मधे किती वेळ ठेवावा?

एका तिकिटावर प्रत्येक विमानतळाची किमान जोडवेळ पाळूनच तिकीट निघतं, पण ती सडपातळ, इंग्रजी वाचणाऱ्या, एकट्या माणसासाठी ठरवली असावी असा माझा संशय आहे. म्हाताऱ्या माणसांना मी तीन तासांखाली देत नाही. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा घेणं, परत देणं हे सगळं बहुतेकदा करावं लागतं, तिथं चार बरे. वेगळ्या तिकिटांवर सहाच्या खाली जाऊ नका.

विमान चुकलं, आमच्या बॅगा कुठं गेल्या?

बॅगेच्या चिठ्ठीवरची तीन मोठी अक्षरं बघा. ते तुमचं शेवटचं विमानतळ असेल, तर बॅगा कंपनीच्या ताब्यात आहेत आणि नव्या विमानानं येतील. मधल्याच विमानतळाची अक्षरं असतील तर बॅगा तिथल्या पट्ट्यावर फिरताहेत आणि त्या तुम्हीच उचलायच्या आहेत. त्यासाठी बाहेर पडावं लागतं, म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो. वेगळ्या तिकिटांचा खरा काटा इथं रुततो.

अमेरिकेला जाताना चिठ्ठीवर काहीही असो, पहिल्या अमेरिकी विमानतळावर बॅगा बहुतेकदा घ्याव्याच लागतात. परदेशातून मुंबई किंवा दिल्लीला येऊन पुढं पुण्याला जाताना कस्टम्ससाठी बहुतेकदा तसंच.

बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार 7 दिवसांत करायची असते. उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी, ती हातात आल्यापासून 21 दिवस मिळतात. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. भडंग आणि हळद मोठ्या बॅगेत गेली तरी चालेल.

मधल्या देशात रात्र काढायची वेळ आली आणि व्हिसा नाही.

कंपनीच्या डेस्कवर पहिलं वाक्य हेच सांगा. काही विमानतळांवर आतल्या बाजूलाच हॉटेल असतं, काही देश अशा प्रवाशांना तात्पुरतं बाहेर सोडतात, काही सोडत नाहीत आणि मग खुर्चीवरच रात्र जाते. खुर्चीवर बसावं लागलं तर जेवणाची कुपनं, पांघरूण आणि विश्रामकक्ष मागा. नवं विमान तिसऱ्याच देशातून देत असतील तर तिथं ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे होकार देण्याआधी विचारा. लंडनमार्गे वळवलेला एक प्रवासी असाच फुफाट्यात पडता पडता वाचला.

नुकसानभरपाई मिळते का?

कुठून निघालात, विमान कुणाचं आणि कारण काय, यावर आहे. तिकिटं वेगळी असतील तर चुकलेल्या दुसऱ्या विमानाबद्दल जवळजवळ काहीच मिळत नाही.

भारतातल्या डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात असं आहे की कंपनीनं विमान रद्द केलं, वेळेत कळवलं नाही, किंवा त्यामुळे त्याच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर 5,000 ते 10,000 रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली कमी असेल ती रक्कम. हवामान, संप अशी हाताबाहेरची कारणं वगळून. नुसत्या उशिराला जेवण, सहा तासांहून जास्त झाला तर पैसे किंवा दुसरं विमान.

युरोप उदार आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालात तर कंपनी कुठलीही असो, आणि बाहेरून तिकडे जाताना कंपनी तिथली असेल तर, तिथला 261 क्रमांकाचा नियम लागू होतो. एकाच तिकिटावर जोडविमान चुकून शेवटच्या गावी तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि दोष कंपनीचा असेल, तर 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत मिळतात. फ्रँकफर्टहून परत येताना विमान हुकलेल्या किती मराठी माणसांनी हे मागितलंच नसेल, देव जाणे. अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर फुकट भरता येतो. टक्केवारी घेणाऱ्या मध्यस्थाकडे धावू नका.

याशिवाय आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा 1999 चा माँट्रियल करार आहे, भारत त्यात 2009 पासून आहे. त्यात ठरावीक रक्कम नसते. उशिरामुळे झालेला खरा खर्च पावत्यांसह मागायचा असतो, आणि दावा दोन वर्षांच्या आत. म्हणून टॅक्सी, हॉटेल, चहा, सगळ्याच्या पावत्या ठेवा.

एजंट म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजंटला विचारा.

आमच्या धंद्याची ही जुनी टोलवाटोलवी, आणि त्यात आम्हीही निर्दोष नाही. प्रवास सुरू व्हायच्या आधी तिकिटाची किल्ली ज्यानं काढलं त्याच्याकडे असते. पहिल्या विमानात बसलात की ती कंपनीकडे जाते. त्यामुळे मधल्या विमानतळावर अडकल्यावर "एजंटला विचारा" हे उत्तर स्वीकारू नका. आणि घरी बसून तारीख बदलायची असेल तेव्हा एजंटचं "कंपनीला विचारा" हेही नको. कोण काय म्हणालं ते ईमेलवर मागा. लिहून द्यायची वेळ आली की उत्तरं बदलतात.

मुंबईचं तिकीट म्हणजे नक्की कुठला विमानतळ?

आता हे विचारावंच लागतं. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर उलव्याजवळचा. जुन्यातही टर्मिनल 1 आणि 2 यांच्यात रस्त्यानं जावं लागतं. आपल्या बाजूनं येताना नवी मुंबई आधी लागते, ही सोय खरी, पण उतरायचं एकीकडे आणि चढायचं दुसरीकडे असं तिकीट असेल तर मधली वाहतूक तुमच्या नशिबाची.

12 तारखेला रात्री साडेबाराचं विमान. बारा तारखेला रात्री निघायचं ना?

नाही, अकरा तारखेला रात्री. आपल्याकडे दिवस उजाडला की तारीख बदलते, विमान कंपन्यांकडे मध्यरात्री. यातून दरवर्षी एकतरी कुटुंब चोवीस तास उशिरा विमानतळावर उभं राहतं.

तक्रार कुठं करायची?

आधी कंपनीकडे लेखी. उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अॅपवर. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की परदेशात. म्हणजे सांगली-साताऱ्याच्या माणसाला मुंबईच्या खेपा नकोत. मुदत दोन वर्षं.

आईबाबा एकटेच जाणार आहेत, इंग्रजी येत नाही. मधे विमान चुकलं तर?

व्हीलचेअर मागून ठेवा, पाय धड असले तरी. मदतनीस बरोबर असला की ट्रान्सफर डेस्क शोधावा लागत नाही, आणि विमान चुकल्यावरही त्यांना कुणीतरी कुठंतरी घेऊन जातं. खिशात एक कागद द्या. त्यावर मोठ्या अक्षरात ई-तिकीट नंबर, दोन्ही पीएनआर, शेवटचं गाव, तिथल्या मुलाचा नंबर, आणि इंग्रजीत तीन वाक्यं: माझं जोडविमान चुकलं आहे, मला पुढचं विमान आणि नवं तिकीट द्या, या नंबरवर फोन लावून द्या. बाबा तो कागद पाकिटात घडी घालून विसरतात, म्हणून दुसरी प्रत आईच्या पर्समध्ये. आणि काउंटरवर मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा. नवं तिकीट निघालंय की नाही, हे घरातल्या कुणालाही ई-तिकीट नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर बघता येतं.